ऐकावे जनाचे, तपासावे आपण



पूर्वी सल्ला विचारायचा तर चाळीच्या कट्ट्यावर, गिरणीच्या फाटकाशी किंवा वस्तीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारावा लागे. तो माणूस कोण, करतो काय, त्याचे स्वतःचे घर कसे चालते, हे सर्वांना ठाऊक असे. आज आपण मोबाईलवरून कधीही न पाहिलेल्या माणसाला विचारतो. मुलगा विचारतो, ‘पहिली गिटार कोणती घेऊ?’ आई विचारते, ‘साठवलेले पन्नास हजार कुठे ठेवू?’ वडील विचारतात, ‘कंपनी सोडून स्वतःचा टेम्पो घेऊ का?’ तिन्ही प्रश्नांना दोन मिनिटांत उत्तरे येतात. पण उत्तर चुकले तर होणारे नुकसान तिन्ही ठिकाणी सारखे नसते.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, परक्याला विचारूच नये. हे काही बरोबर नाही. ज्यांच्या घरात वकील मामा आणि बँकेतला काका आहे, त्यांना सल्ला जेवणाच्या ताटावर मिळतो. आपल्याकडे अनेक घरांत पहिला पदवीधर आजच निघतो आहे. त्याने विचारायचे कोणाला? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने लोकांना नोकरी कशी लागली याचा अभ्यास करून १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी बहुतेकांना ती बातमी जवळच्या मित्राकडून मिळालेली नव्हती. कधीमधी भेटणाऱ्या माणसाने ती दिली होती. कारण सरळ आहे. आपल्या जवळच्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी वाट दूरचा माणूस दाखवतो. म्हणून विचारावे जरूर, पण तीन गोष्टी पाहून. सल्ला चुकला तर आपले काय जाईल? तो आपल्याला तपासता येतो का? आणि सांगणाऱ्याला त्यातून काय मिळणार आहे?

छंद : इथे मोकळेपणाने विचारा

गच्चीवरच्या डब्यात मिरची का धरत नाही, शिलाई मशीनचा दोरा सारखा का तुटतो, बुद्धिबळाचा डाव कसा सुरू करावा, हे परक्याला खुशाल विचारावे. सांगितलेले त्याच दिवशी करून पाहता येते. चुकले तर एखादे रोप जाईल, वीतभर कापड जाईल. एकच पथ्य पाळावे. ‘महागडे सामान घेतल्याशिवाय शिकता येत नाही’ असे कोणी म्हटले, तर तो सामान विकणारा तर नाही ना, हे पाहावे. शिकताना वस्तू जुनी किंवा उसनी चालते. सहा महिने छंद टिकला, तर मग नवी घ्यावी.

पैसा : इथे सांगणाऱ्याची पाटी पाहा

पैशाच्या बाबतीत मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला, असा सल्ला घर बुडवतो. ‘सहा महिन्यांत दामदुप्पट’ हे वाक्य ऐकले की कागद-पेन्सिल घेऊन बसावे. १० हजार रुपये दर सहा महिन्यांनी दुप्पट होत गेले, तर पाच वर्षांत दहा वेळा दुप्पट होतील. म्हणजे १ कोटी २ लाख ४० हजार! असा धंदा खरोखर असता, तर तो माणूस आपल्या १० हजारांसाठी कशाला थांबला असता? उलट ७ टक्के चक्रवाढ व्याजाने पैसा दुप्पट व्हायला सुमारे दहा वर्षे लागतात. प्रामाणिक पैशाची चाल अशी सावकाश असते.

फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याला ‘सेबी’कडे नोंदणी करावी लागते. सेबीचे हे नियम २०१३ सालचे आहेत. अशा सल्लागाराचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो. तो मागून घ्यावा आणि सेबीच्या यादीत आपण स्वतः पाहावा. त्याने पाठवलेल्या प्रमाणपत्राच्या फोटोवर विसंबू नये. ठेवी गोळा करणाऱ्या कंपनीला तशी परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेने २०१६ साली सुरू केलेल्या ‘सचेत’ पोर्टलवर पाहता येते, तिथे तक्रारही करता येते. आणखी एक गोष्ट. बँक बुडाली तर ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतपेढीतल्या ठेवीला हा विमा नाही.

घरबसल्या कामाचे आमिषही असेच. आधी चित्रांना ‘लाईक’ करायला सांगून शे-दोनशे रुपये खरोखर देतात. विश्वास बसला की ‘मोठ्या कामासाठी अनामत भरा’ म्हणतात आणि तिथे पैसे अडकतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केली. पण एक बंद झाले की दुसरे उघडते. पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

नोकरी बदलताना

‘आवडत नसेल तर सोडून दे, हिंमत कर’ असे परका सहज लिहितो. त्याला आपली हजेरी ठाऊक नसते. कायम कामगाराला ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी साधारणपणे सलग पाच वर्षांची नोकरी लागते. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना २६ दिवसांचा धरून हिशेब होतो. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा पगार १८ हजार असेल, तर पाच वर्षांचे सुमारे ५१,९०० रुपये होतात. सव्वाचार वर्षांनी राजीनामा दिला तर हे सारे जाते. प्रॉव्हिडंट फंडाच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. नऊ वर्षे भरलेल्या माणसाने वर्षभर कळ काढायची की नाही, हे त्यानेच घरच्यांसोबत बसून ठरवायचे आहे. नवी नोकरी धरली, तर जुन्याच खाते क्रमांकावर सेवा जोडून घ्यावी.

मग परक्याला विचारायचे काय? ‘सोडू का?’ हे विचारू नये. जो तो धंदा आज करतो आहे, त्याला असे विचारावे : टेम्पोचा हप्ता, डिझेल, विमा आणि टायर यांवर महिन्याला किती जातात? कोणत्या महिन्यांत काम नसते? पहिल्या वर्षी काय चुकले? नंतर गावातल्या दोन टेम्पोवाल्यांना चहा पाजून तेच आकडे पडताळावेत. कर्जासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात आणि स्पर्धा परीक्षेच्या प्रशिक्षणासाठी ‘बार्टी’कडे स्वतः चौकशी करावी. मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. नोकरी देण्यासाठी आधी ‘नोंदणी फी’ मागणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवावे.

विचारावे कसे

प्रश्न नेमका लिहावा. वय, घरात कमावणारे किती, खाणारे किती, कर्ज किती, एवढे सांगितल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. मात्र नाव, पत्ता, आधार क्रमांक, बँकेचे खाते, फोटो यांतले काहीही देऊ नये. ओटीपी तर कोणालाच नाही. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही शिकवून ठेवावे. ‘आजच ठरवा, घरी सांगू नका’ असे म्हणणारा आपला हितचिंतक नव्हे.

आणि भगिनींनो, मोठा खर्च, गुंतवणूक किंवा राजीनामा असेल तेव्हा आठ दिवस थांबण्याचा नियम घरात करा. मिळालेले सल्ले वहीत लिहा, रविवारी सर्वांनी मिळून वाचा. मुलांनाही बसवा. शंका विचारायची सवय त्यांना तिथेच लागेल. सल्ला देणारा दुसऱ्या दिवशी आपले नावही विसरतो. हप्ता मात्र आपल्याला दर महिन्याला भरावा लागतो.