किल्ली कोणाच्या हाती?

वाचकहो, पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची गर्दी ओसरल्यावर एक मध्यमवयीन गृहस्थ दवाखान्यात आले. आपल्याला स्वतःला काही होत नाही, असे त्यांनी बसता बसताच सांगितले आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टर, उद्या बाबा तुमच्याकडे लायसन्सचा फॉर्म घेऊन येतील. त्यावर सही करू नका. आम्ही सांगून थकलो. तुमचे मात्र ते ऐकतील."

बाबांचे वय तेव्हा ७२ होते. आपण त्यांना नुसते काका म्हणू. साताऱ्यात १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्सची स्थापना झाली आणि 'प्रिया' स्कूटर इथे तयार होऊ लागली, हे जुन्या सातारकरांना सांगायला नको. काकांची उमेदीची वर्षे त्याच कारखान्यात गेली. निवृत्तीनंतरही त्यांच्या अंगणात एक प्रिया होती आणि शेडमध्ये एक प्रीमियर पद्मिनी. आठवडाभर त्या दोघींची डागडुजी, मधल्या वेळात घरातले गळके नळ, करकरणारी दारे आणि बंद पडलेले पंखे, आणि रविवारी काकूंना शेजारी बसवून कधी सज्जनगडाचा पायथा, कधी वाई आणि मेणवलीचा घाट. असा त्यांचा नेम होता.

मुलाची काळजी खोटी नव्हती. महिन्याभरापूर्वी गाडी मागे घेताना काकांनी फाटकाचा खांब घासला होता. त्याआधी माळ्यावरचा डबा काढताना ते स्टुलावर डगमगले होते. मात्र मुलाच्या विनंतीला मी लगेच होकार दिला नाही. त्याला कारण होते.

त्याआधी काही वर्षे अशाच एका आजोबांच्या बाबतीत माझी चूक झाली होती. पंख्याचा कपॅसिटर बदलताना ते पडले आणि मनगट मोडले. मुलांच्या सांगण्यावरून मी त्यांना बजावले, "आता हे सगळे बंद." हत्यारांची पेटी माळ्यावर गेली, मोपेड विकली गेली. हाड सहा आठवड्यांत जुळले. पण पुढे त्यांचा सारा दिवस खुर्चीत जाऊ लागला. मांड्या वाळल्या, भूक मंदावली, बोलणे कमी झाले. वर्षभराने ते पुन्हा पडले, ते घरातल्या सपाट फरशीवर, न्हाणीघराकडे जाताना. या वेळी खुब्याचे हाड मोडले. उतारवयात स्नायू वापरले नाहीत तर फार लवकर झिजतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही माझ्या त्या एका वाक्याने काय काय थांबेल, याचा विचार मी केला नव्हता.

तपासणी भागांची

दुसऱ्या दिवशी काका आले. चाळिशीनंतर वाहन परवान्यासाठी जे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, तो 'फॉर्म १-ए' त्यांच्या हातात होता. वयाच्या ५५ व्या वर्षानंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते. खासगी गाडीची नोंदणीही १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करूनच वाढवून मिळते. काका हसून म्हणाले, "आता माझी आणि पद्मिनीची मुदत सारखीच."

मी त्यांना मुलाची भीती मोकळेपणाने सांगितली. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "डॉक्टर, गाडी अडखळायला लागली म्हणून चांगला मेकॅनिक ती लगेच मोडीत काढायला सांगत नाही. आधी प्लग बघतो, मग पॉइंट, मग कार्ब्युरेटर. माझेही तसेच बघा. एखादा भाग गेला असेल तर तसे सांगा. वय मला ठाऊक आहे."

हे म्हणणे मला पटले. परवान्याची मुदत संपायला अजून चार महिने होते. आम्ही तपासणीला सुरुवात केली.

पहिला भाग डोळे. रात्री समोरच्या दिव्यांभोवती किरणे फाकलेली दिसतात आणि काही क्षण काहीच सुचत नाही, असे काका म्हणाले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू बराच वाढला होता. वाचकहो, मोतीबिंदू निदान जाणवतो तरी. काचबिंदू मात्र बहुधा न दुखता, न कळता कडेची नजर खात जातो. समोरचे स्वच्छ दिसते आणि बाजूने आलेली सायकल दिसत नाही. म्हणून साठीनंतर वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यातील दाबासह पूर्ण तपासणी करून घ्यावी. नुसता चष्म्याचा नंबर काढणे पुरेसे नाही.

दुसरा भाग मान. मणक्याच्या झिजेमुळे काकांची मान उजवीकडे निम्मीच वळत होती. फाटकाचा खांब का घासला, याचे उत्तर तिथे मिळाले.

तिसरा भाग रक्तदाब. झोपवून मोजला तेव्हा वरचा आकडा १३८ होता. उभे करून दोन मिनिटांनी मोजला तेव्हा ११२. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, तर तो दोष समजावा. गाडीखालून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, हे त्यांनी घरी कोणालाच सांगितले नव्हते. कारण होते प्रोस्टेटची गोळी. ती झोपण्यापूर्वी घ्यायची, पाणी पुरेसे प्यायचे आणि उठताना आधी बसून मग उभे राहायचे, एवढ्या बदलाने पुष्कळ फरक पडला.

चौथा भाग औषधांचा डबा. सर्दीसाठी ते दुकानातून स्वतःच गोळी आणत. सेटिरिझिन, क्लोरफेनिरामिन यांसारख्या गोळ्यांनी गुंगी येते. झोपेच्या गोळीचा अंमल तर दुसऱ्या दिवशी सकाळीही उरू शकतो. ज्यांना मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे, त्यांनी गाडीला हात लावण्यापूर्वी साखर मोजावी. ९०च्या खाली असेल तर आधी काही खावे. ७०च्या खाली गेली असेल तर साखर घ्यावी आणि ती पूर्ववत झाल्यावरही निदान पाऊण तास गाडी चालवू नये.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, नेत्रतज्ज्ञांनी गाडी चालवण्यास अनुमती दिली आणि मग मी फॉर्मवर सही केली. त्याआधी काका, काकू आणि मुलगा या तिघांना समोर बसवून काही गोष्टी कागदावर लिहून घेतल्या. सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही. पसरणीचा घाट आणि भर पावसातला महामार्ग टाळायचा. दोन्ही बाजूंना मोठे आरसे बसवायचे आणि गाडी मागे घेताना कोणीतरी उतरून उभे राहायचे. स्कूटरवर काकूंना मागे बसवायचे नाही. मुलाला तो कागद अपुरा वाटला आणि काकांना जाचक. दोघेही थोडे थोडे नाराज दिसले, त्यामुळे कागद बहुधा योग्य असावा, असे मला वाटले.

अंगणात आणि शेडमध्ये

प्रवासापेक्षा घरच्या दुरुस्तीत झालेल्या इजा माझ्याकडे अधिक येतात. त्यांतल्या बहुतेक टाळता येण्याजोग्या असतात.

प्लॅस्टिकच्या स्टुलावर किंवा खुर्चीवर चढून काम करणे सत्तरीनंतर सोडावेच. वर पाहताना मान मागे जाते, अनेकांना तेवढ्यानेच चक्कर येते आणि हात धरायला मोकळे नसतात. पंखा, माळा, ट्यूबलाइट ही कामे तरुणाने वर चढून करावीत. आजोबांनी खाली उभे राहून पाना द्यावा आणि चार गोष्टी सुनवाव्यात. विजेच्या कामापूर्वी मेन स्विच बंद करावा, नुसते बटण नव्हे.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि गोळीचे नाव आधी सांगावे. मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही वेळा तासांनी, काही वेळा दिवसांनी लक्षात येतो. पडल्यावर उभे राहता येत नसेल आणि एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल, तर खुबा मोडल्याचे समजून न हलवता रुग्णवाहिका बोलवावी.

टाकीतले पेट्रोल नळी तोंडात धरून ओढण्याची आपल्याकडची जुनी सवय फार घातक आहे. पेट्रोलचा घोट पोटापेक्षा फुप्फुसाला अधिक बाधतो. असे झालेच तर उलटी मुळीच करवू नये. उलटीबरोबर ते पुन्हा श्वासनलिकेत जाते. तडक रुग्णालयात न्यावे. हातपंप थोडक्या पैशांत मिळतो, तो वापरावा.

बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी एवढ्याच खुणा असतात. जुन्या गाड्यांच्या ब्रेकशूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तिथली धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. धनुर्वाताच्या लसीची मात्रा दर दहा वर्षांनी घ्यावी. जखम खोल किंवा मातीने माखलेली असेल आणि शेवटच्या मात्रेला पाच वर्षे होऊन गेली असतील, तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे.

रविवारची सहल

सहलीच्या दिवशी पुष्कळ ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, स्वच्छतागृहाच्या धास्तीने पाणी पीत नाहीत आणि लघवी वाढवणारी गोळी परस्पर वगळतात. दोन्ही चूक आहे. गोळीची वेळ बदलता येईल का, हे आधी डॉक्टरांना विचारावे आणि थांबण्याची ठिकाणे ठरवून निघावे. दर दीड-दोन तासांनी गाडीतून उतरून पाच मिनिटे चालावे. उन्हात उभ्या गाडीत इन्शुलिन आणि इतर औषधे ठेवू नयेत. चालू औषधांची यादी खिशात असावी. मेणवलीच्या घाटासारख्या ठिकाणी पायऱ्या उतरताना मौज वाटते, चढताना गुडघे बोलू लागतात. किती उतरायचे ते वरच ठरवावे.

थांबायचे केव्हा?

काळजी घेणाऱ्या मुला-सुनांनो, हा भाग तुमच्यासाठी. गाडीवर नवनवे पोचे दिसू लागले, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकू लागली, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरची गल्लत झाली, मागचे लोक वारंवार हॉर्न देऊ लागले, तर महिना न दवडता तपासणी करून घ्या. स्वतःला एक प्रश्न विचारा: या गाडीत मी माझ्या मुलाला एकट्याने बसवीन का? फिट आली असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर कारण सापडून उपचार होईपर्यंत गाडी बंद. स्मृतिभ्रंशाने निर्णयशक्तीवर परिणाम झाला असेल, तर मात्र तडजोड नको. तिथे रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाचाही प्रश्न असतो.

परंतु किल्ली लपवू नका, बॅटरीची वायर गुपचूप काढू नका आणि डॉक्टरांना खोटे बोलायला लावू नका. ज्या माणसाने तुम्हाला सायकल शिकवली, त्याला कारण ऐकण्याचा हक्क आहे. गाडी चालवणे थांबले तरी बाहेर जाणे थांबू नये, याची सोय आधी करा आणि मग विषय काढा.

गेल्या महिन्यात काका आले. आता ते ७७ वर्षांचे आहेत. परवान्याची मुदत संपत आल्याचे माझ्या लक्षात होते आणि खरे सांगायचे तर या खेपेस सही कशी नाकारावी, याची जुळवाजुळव मी मनात केली होती. त्यांनी रक्तदाब मोजून घेतला, गोळ्या लिहून घेतल्या आणि ते उठले.

"काका, फॉर्म?" मी विचारले.

"या वेळी आणला नाही," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात वाईहून येताना एका पोराला वाचवायला ब्रेक दाबला. दाबला वेळेवर, पण पाय उशिरा उचलला असे मला वाटले. कोणाला काही झाले नाही. घरी आल्यावर किल्ली मीच सुनेकडे दिली."

माझ्याने काही बोलवेना. तेच पुढे म्हणाले, "गाडी ती चालवते. क्लच फार दाबून ठेवते, सांगतोय तिला. प्लग अजून मीच साफ करतो."

पुढल्या रविवारी ते सगळे मेणवलीला गेले होते, असे नंतर काकूंकडून कळले. काका पुढच्याच सीटवर बसले होते, डाव्या बाजूला.