शेज हा विवाह नव्हता

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोलीकडच्या, देवळाच्या सेवेला वाहिलेल्या भाविणींविषयी अलीकडे एक गोड बाजू मांडली जाते. भाविणीचं लग्न देवाशी, म्हणून ती कधी विधवा होत नसे. तिला केशवपन नाही, सासुरवास नाही, घरदारही लेकीकडे जाई. जगात विवाहाचे नाना प्रकार आहेत, केरळातल्या नायरांचा ‘संबंधम’ होता, दक्षिण सुदानातल्या न्यूर लोकांत मेलेल्या माणसाच्या नावानेही लग्न लागतं. मग शेजेलाच, म्हणजे मुलीला भावीण करण्याच्या या विधीलाच, विवाह म्हणायला हरकत कसली, असं ही मंडळी विचारतात. हरकत आहे, आणि ती सोवळ्या-ओवळ्याची नाही.

आधी विधी बघू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हे दोन्ही महाल सावंतवाडीकरांकडे होते, त्यामुळे तेरेखोल नदीच्या अल्याड-पल्याड रिवाज एकच. मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींवरच्या एन्थोव्हेन यांच्या १९२० सालच्या ग्रंथात तो नोंदलेला आहे. मुलगी वयात आली की गुरव देवाचा मुखवटा घेऊन वाजतगाजत तिच्या घरी येई. गणपतीपूजन होई, होम होई आणि त्या मुखवट्याशी तिचं लग्न लागे. काही घरांत एवढंही नाही. चांगला दिवस बघून तिला देवळात न्यायची, देवापुढे उभी करायची, की झालं. मग जन्मभर देवळाची झाडलोट, शेणसारवण, दिवाबत्ती, देवावर चवरी ढाळणं. मुलगा झाला तर तो देवळी, त्याने देवळात वाजंत्री वाजवायची. या सगळ्यात त्या पोरीला कोणी काही विचारल्याचं मला कुठेच आढळत नाही.

आता नायर आणि न्यूर यांचे दाखले. नायर स्त्रीचं मूल आईच्या तरवाडाचं, म्हणजे मातृकुळाचं असे, मामाच्या घरादारावर त्याचा उजळ माथ्याने हक्क. न्यूरांतलं मूल मेलेल्या माणसाचं नाव लावी, त्याच्या कुळात मोजलं जाई. कॅथलीन गॉफ यांनी १९५९ मध्ये नायरांवर लिहिताना विवाहाची खूण म्हणून हेच धरलं होतं: जन्मलेल्या मुलाला समाजात पुरा हक्क मिळतो की नाही. याच कसोटीवर शेज घासून बघा. ज्या देवाशी आईचं लग्न लागलं, त्याच देवाच्या देवळाचा तिचा मुलगा महाजन, म्हणजे देवस्थानाचा हक्कदार, होत नसे. बाप समोर वावरत असायचा, पण त्याच्यावर बंधन कसलंच नाही. म्हणजे शेजेची बाजू मांडणाऱ्यांनी आणलेले दाखले त्यांच्याच विरुद्ध साक्ष देतात.

आणि हे सारं अशा मुलखात, जिथे १८७० पासून पोर्तुगीज नागरी संहिता लागू होती. वेगळा करार केलेला नसेल तर नवऱ्याच्या मालमत्तेत बायको निम्म्याची धनीण. १८८० च्या फर्मानाने हिंदूंच्या धर्मविधीने लागलेल्या लग्नालाही कायद्याचं बळ दिलं. मुखवट्याशी लागलेल्या लग्नातून मात्र भाविणीला कोणाकडेच काही मागता येत नव्हतं.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. दुसऱ्या जातीतली एखादी बाई देवळातल्या दिव्याचं तेल स्वतःच्या डोक्यावर ओतून भावीण होऊ शकत असे. नांदणं असह्य झालेल्या बाईला ही वाट खरोखरच सुटकेची वाटली असेल, तिला मी बोल लावणार नाही. पण त्यातून सिद्ध होतं ते तिच्या संसारातलं क्रौर्य. शेजेचं मोठेपण त्यातून निघत नाही. गोव्याला लागू झालेला पोर्तुगीज घटस्फोटाचा कायदा १९१० सालचा. खरी वाट ती होती.

शेज बंद पाडणाऱ्या सुधारणेने कला बुडवली, हा आक्षेप तर टिकतच नाही. देवळांशी बांधलेल्या समाजातून आलेल्या गायिका केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर घडल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीत, वर्षानुवर्षांच्या रियाजाने.

राहिला शेवटचा आरोप, की लग्नाचा हट्ट हे उच्चवर्णीयांचं अनुकरण. समाजसुधारक राजाराम पैंगिणकर कलावंतिणीच्या, म्हणजे देवळाच्याच सेवेतल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या बाईच्या, पोटी जन्मले, आत्मचरित्राचं नावच त्यांनी ‘मी कोण?’ ठेवलं. आपल्या समाजातल्या मुलींची लग्नं चारचौघींसारखी व्हावीत म्हणून त्यांनी देवस्थानांच्या मानकऱ्यांचा रोष पत्करला. या मुलींसाठी त्यांना हवा होता तो मांडवात बसणारा, मुलांना नाव देणारा, कायद्याला उत्तर देणारा नवरा. देवळांच्या सेवेतल्या या जातींचा गोमंतक मराठा समाज उभा राहिला तो या मागणीवर. पेडण्यात १९११ साली जन्मलेले दयानंद बांदोडकर याच समाजाचे. १९६३ मध्ये ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या. शेजेचं कौतुक आज जे करतात, त्यांनी त्याआधी भाविणींच्या घरांतल्या जुन्या बायकांना विचारून यावं की पुन्हा मुखवटा आला तर तुम्ही दार उघडाल का.