विजेच्या गाडीला एसी नको, मोकळी रात्र हवी

रायपूरहून धमतरीच्या रस्त्याला लागलं की सुमारे 30 किलोमीटरवर अभनपूर येतं. नोकरी-धंद्यासाठी रोज रायपूरला जाऊन येणारी माणसं इथे पुष्कळ. दिवसाला साठेक किलोमीटर, रात्री घरीच चार्जिंग आणि पेट्रोलचा खर्च नाही. विजेच्या मोटारीला याहून सोयीचं गाव सापडणं कठीण. छत्तीसगड सरकारनेही 2022 मध्ये ईव्ही धोरण आणून खरेदीला अनुदान देऊ केलं. तरीही मेअखेरीस नौतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला, पारा 45 कडे सरकला, की घरोघरी एकच काळजी ऐकू येते: गॅरेजात गाडी भाजून निघते, तिचं काय करायचं?

काळजी रास्त आहे. तिच्यापोटी घेतले जाणारे आक्षेप आणि सुचवले जाणारे उपाय मात्र बहुतेक चुकीचे आहेत, आणि ते का चुकीचे हे एकदा स्पष्ट सांगायला हवं.

पहिला आक्षेप भीतीचा. बंद गॅरेज तापलं की बॅटरी पेट घेईल, असं म्हणतात. 2022 च्या उन्हाळ्यात देशात विजेच्या स्कूटर जळाल्या, त्या बातम्यांनी ही भीती मनात पक्की बसवली. त्या घटना खऱ्याच होत्या. त्यांच्यानंतरच सरकारने दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठी एआयएस-156 हे मानक कडक केलं आणि डिसेंबर 2022 व मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू केलं. पण लिथियम सेल स्वतःहून तापत जाण्याची प्रक्रिया सुरू व्हायला साधारण 80 अंशांच्या पुढचं तापमान लागतं. अभनपूरचं वाईटात वाईट गॅरेजसुद्धा तिथवर पोचत नाही. आग लागते ती सदोष किंवा ठेचलेल्या सेलमुळे, आत पाणी शिरल्याने, चुकीच्या चार्जरमुळे आणि घरच्या निकृष्ट वायरिंगमुळे. उन्हावर आळ घेऊन वायरिंगकडे काणाडोळा करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं.

दुसरा आक्षेप अगदी उलट टोकाचा. बॅटरी गार ठेवायची व्यवस्था कंपनीने केलेलीच आहे, आठ वर्षांची किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटीही आहे, मग मालकाने डोकं कशाला शिणवायचं? यातलं अर्धं खरं आहे. आजच्या बऱ्याच मोटारींत द्रवाने बॅटरी थंड केली जाते. पण ही यंत्रणा चालते ती मुख्यतः गाडी धावताना किंवा चार्ज होताना. कुलूप लावून उभ्या केलेल्या गाडीत बहुधा पंप बंद असतो. आणि खाजगी गाडी दिवसातले वीस-बावीस तास उभीच असते.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात, फिनिक्सच्या कोरड्या रखरखाटात, याचा धडा जगाला मिळालेला आहे. निसान लीफच्या सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरी थंड करणारी यंत्रणाच नव्हती. 2012 पर्यंत तिथल्या मालकांची बॅटरी वेळेआधी क्षीण होऊ लागली, तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या आणि कंपनीला बॅटरीच्या क्षमतेची वेगळी हमी द्यावी लागली. उष्णता बॅटरीला जाळत नाही, झिजवते. तापमान दहा अंशांनी वाढलं की ही झीज ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. भरून ठेवलेली बॅटरी आणि उष्णता एकत्र आली, तर सगळ्यात जास्त.

तिसरा सल्ला पैसेवाल्यांचा: गॅरेजात एसी बसवा, प्रश्न मिटला. हिशेब मांडून पाहा. दीड टनाचा एसी तापलेल्या स्लॅबखाली सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा चालला, तर दहाएक युनिट खातो. तेवढ्या विजेत छोटी मोटार रायपूरला जाऊन परत येते. कूलर त्या मानाने स्वस्त, आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत चालतोही. पण शटर बंद असेल तर खोली दमट होते, ऐन टंचाईत पाणी ओतावं लागतं आणि पावसाळी हवा आली की तो निरुपयोगी ठरतो.

या सगळ्या उपायांची मूळ चूक एकच: सारे दुपारशी लढतात. बॅटरी म्हणजे दोन-अडीचशे किलोचं धूड. ते हळूहळू तापतं आणि हळूहळूच निवतं. म्हणून दुपारी दोनच्या पाऱ्यापेक्षा चोवीस तासांची सरासरी तिच्यासाठी महत्त्वाची, आणि ती सरासरी बिघडवते कोंडलेली रात्र. मे महिन्यात रात्री दहाला गॅरेजच्या स्लॅबला खालून हात लावून पाहा. बाहेर वारा सुटलेला असतो आणि छत अजून गरम असतं. दिवसभर प्यायलेलं ऊन काँक्रीट रात्री खोलीत सोडतं, आणि आपण नेमकं तेव्हाच चोराच्या भीतीने शटर खाली ओढतो. पत्र्याच्या शेडचं उलट आहे. ती दुपारी आग ओकते, पण सूर्य मावळल्यावर लवकर निवते. दोन्ही छतांना एकच औषध चालणार नाही.

तर करायचं काय?

स्लॅबला होळीच्या आधी चुन्याचे दोन हात द्या, चुन्यात थोडा फेविकॉल मिसळून. काळवंडलेला स्लॅब भर उन्हात 60 अंशांच्या पुढे जातो; पांढरा केलेला पंधरा-वीस अंशांनी कमी तापतो. ही आजीच्या काळातली युक्ती आता सरकारी धोरणात आली आहे: तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांचं स्वतंत्र धोरण जाहीर केलं. छत्तीसगडनेही ते करावं. पत्र्याच्या शेडवर फूटभर अंतर सोडून हिरवी जाळी ताणा आणि पत्र्याखाली फॉइलचं अस्तर लावा. वर पैरा (भाताचा पेंढा) पसरण्याची गावाकडची पद्धत घराला ठीक, चार्जिंगच्या जागी मात्र तो धोका अजिबात नको.

मग रात्र मोकळी करा. पत्र्याच्या बंद शटरऐवजी जाळीचं शटर बसवा. चोरही आत येत नाही आणि वाराही अडत नाही. समोरच्या भिंतीत वरच्या अंगाला एक्झॉस्ट पंखा लावा. 70 वॉटचा पंखा रात्री आठ ते सकाळी सहा चालला तरी पाऊण युनिट जळत नाही. सरासरी तापमान पाच अंशांनी उतरलं, तर झिजेचा वेग पाव हिश्शाहून जास्त घटतो. एवढा लाभ एवढ्या पैशात दुसरा कोणताही उपाय देत नाही.

तिसरं, वेळ. रायपूरहून आल्या आल्या प्लग लावू नका. गाडीत किंवा ॲपमध्ये टायमर असतो, तो रात्री एकचा लावा. 3.3 किलोवॉटच्या चार्जरवर छोटी बॅटरी 20 टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर यायला पाचेक तास पुरतात. सकाळी सहाला काम आटोपतं, तेही दिवसाच्या सर्वांत गार घटकेला. लांब जायचं असेल तर खुशाल 100 टक्के करा, फक्त निघण्याच्या थोडं आधी पूर्ण होईल असं बघा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी ठरावीक काळाने पूर्ण भरायला पुस्तिकाच सांगते. तिथे पुस्तिकेचं ऐका. गाडी घरी ठेवून गावाला जाताना मात्र बॅटरी निम्म्यावर ठेवा.

शेवटचं, पण जिवाशी गाठ असलेलं: वायरिंग. मीटरपासून स्वतंत्र लाइन, 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची तार, एमसीबी, आरसीसीबी आणि खरोखर काम करणारं अर्थिंग. एक्सटेन्शन बोर्ड कदापि नको. तापलेल्या खोलीत तारेची वीज वाहून नेण्याची क्षमता आधीच घटलेली असते. चार्जिंग तासभर झालं की प्लग तपासा. चटका बसत असेल, सॉकेटच्या तोंडाशी प्लॅस्टिक तांबूस झालं असेल, तर त्याच क्षणी बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

विजेची गाडी उष्ण प्रदेशाला मानवत नाही, हे मत म्हणूनच मला मान्य नाही. अभनपूरसारख्या गावांनाच तिचा सर्वांत जास्त उपयोग आहे. तिथल्या नव्या घरांचे नकाशे काढणाऱ्यांनी गाडीची जागा उत्तरेला किंवा पूर्वेला, हवेशीर आणि पांढऱ्या छताखाली ठेवावी आणि चार्जिंगची लाइन घर बांधतानाच टाकावी. चार बादल्या चुना, एक पंखा, एक जाळी आणि टायमरचं एक बटण एवढ्यावर जी बॅटरी वर्षानुवर्षं तगते, तिला उन्हाच्या धास्तीने नाकारणं हा आपला आपणच करून घेतलेला तोटा आहे.