भिंतीवरचा अहवाल

"स्लाइडवर सगळं असलेलं बरं. उद्या कोणी म्हणायला नको, आम्हाला सांगितलंच नव्हतं." कल्याणात पुनर्विकासाच्या सभांना बसलेल्या कोणालाही हा युक्तिवाद पाठ असेल. आमच्या सोसायटीत सल्लागारांनी हाच धर्म पाळला. पार्किंगमध्ये पांढरी चादर, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या आणि चादरीवर अकरा रकान्यांचा एक्सेलचा तक्ता: एफएसआय, टीडीआर, प्रीमियम, रेरा कार्पेट, कॉर्पस. मागच्या रांगेतल्या आजोबांनी तीनदा विचारलं, "माझ्या चारशे फुटांचे किती होणार?" उत्तर सातव्या रकान्यात होतं. आजोबांना ते दिसत नव्हतं आणि सल्लागार पहिल्या रकान्यापासून वाचून दाखवत होते.

हा पूर्वपक्ष अगदीच टाकाऊ नाही. तोंडी शब्दावर कोणी घर सोपवत नाही, नोंद हवीच. पण नोंदीची जागा कागद. तक्ता छापून आठ दिवस आधी घरोघरी द्या, लोक चष्मा लावून, लेकीला-सुनेला दाखवून वाचतील. चादरीवरचा तक्ता पुढे सरकला की गेला. शिवाय वाचायचे शब्द आणि ऐकायचे शब्द मनात एकाच दारातून शिरतात. सकाळच्या फास्ट लोकलच्या दारात चढणारे आणि उतरणारे भिडले की काय होतं, ते कल्याणकराला सांगायला नको.

"लिहिलं तर होतं" हा बचावही तकलादू आहे. जानेवारी २००३मध्ये कोलंबिया यानाच्या उड्डाणात इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांना स्लाइड दाखवल्या. त्यातल्या एकीचं शीर्षक धीर देणारं होतं. अगदी तळाशी, बारीक ओळीत, खरी गोष्ट होती: चाचण्यांतला तुकडा ३ घनइंचांचा, आदळलेला सुमारे १९२० घनइंचांचा. म्हणजे ६४० पट. १ फेब्रुवारीला कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी परतीच्या वाटेवर प्राणांना मुकले. अपघात एका स्लाइडने घडवला असं कोणी म्हणणार नाही. पण चौकशी मंडळाला अहवालात त्या स्लाइडची दखल घ्यावी लागली, आणि माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी तिची ओळ न् ओळ सोलून काढली.

इथून काही जण दुसऱ्या टोकाला जातात: स्लाइडच नको. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं. त्याजागी काही पानी टिपण आणि बैठकीच्या सुरुवातीला मुकाट वाचन. उत्तम. पण आमच्या पार्किंगमध्ये साठ माणसं, दोन रडणारी पोरं आणि डास. शिवाय नवं स्वयंपाकघर कुठे येणार, हे टिपणात सांगायला घेतलं तर तीन परिच्छेद जातील. नकाशा दाखवला की एका नजरेत कळतं. आणि दोष साधनाचा नाही: पॉवरपॉइंट आलं १९८७ साली. फळा खडूने गच्च भरून त्याकडेच तोंड करून बोलणारे मास्तर त्याच्या कितीतरी आधीपासून होते.

तिसरा पक्ष मला सगळ्यात फसवा वाटतो, कारण तो शहाण्यासारखा दिसतो: शब्द कमी करा, सहा ओळी, ओळीत सहा शब्द, झालं काम. आता आपल्या स्टेशनवरचा इंडिकेटर घ्या. एक अक्षर, वेळ, फास्ट की स्लो, डबे किती. धावता धावता वाचता येतो. गावातली सर्वोत्तम स्लाइड म्हणजे तीच. तरी पाहुणा तिच्यापुढे बावचळतो. इंग्रजी पाटीवर कसाऱ्याला 'एन' आणि कर्जतला 'एस', ईशान्य आणि आग्नेय मार्गांवरून आलेली अक्षरं. म्हणजे डावीकडचा 'एस' कर्जतचा आणि उजवीकडचा 'एस' स्लोचा! रोजच्या माणसाला ते खटकत नाही, कारण त्याला अर्धं आधीच ठाऊक असतं. त्रोटकपणा जाणत्याच्याच कामाचा. आणि सभेला आलेला माणूस बहुधा पाहुणा असतो.

म्हणून माझं म्हणणं: शीर्षकाच्या जागी विषय लिहू नका, विधान लिहा. 'क्षेत्रफळ तपशील' नव्हे. 'चारशे फुटांच्या घराला पाचशे वीस फूट मिळतील'. पूर्ण वाक्य, क्रियापदासकट. खाली एकाच मापात काढलेले दोन चौकोन, जुनं घर आणि नवं. बस. विधान लिहायला बसलं की एक अडचण उभी राहते, आणि तीच मला आवडते: आपल्याला नक्की काय म्हणायचंय, ते ठरवावं लागतं. 'तपशील' या शब्दामागे लपता येत नाही.

मराठीतून करायचं तर थोडं जास्त भान लागतं. देवनागरीत मात्रा वर, उकार खाली. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळींच्या अंतरात वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला अडकतो. फॉन्टच्या त्याच आकड्यात आपलं अक्षर बारीकही दिसतं, तेव्हा टाइप मोठा घ्या. कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, तिरकी अक्षरं आपली नाहीत. ठसा उमटवायचा तर ठळक टाइप पुरे. आणि युनिकोडच वापरा. जुन्या फॉन्टमध्ये घरी केलेली फाइल सभेच्या लॅपटॉपवर उघडली की मराठीची जी भुताटकी होते, ती बहुतेकांनी पाहिली आहे.

आमच्या सभेत शेवटी सेक्रेटरींनी सभेच्या नोटिशीच्या पाठीवर पेनाने दोन आकडे लिहिले, आताचा आणि नंतरचा, आणि कागद मागे धाडला. आजोबांपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला, कारण वाटेतला प्रत्येक जण तो वाचत होता. पुढच्या रांगेतून कोणीतरी पहिल्यांदाच हात वर केला, "आणि भाडं किती महिने देणार?"