विश्लेषण : सर्व्हरमधल्या ‘कोर’ची वाटणी अचानक महाग का झाली?

बाजार समिती, सहकारी बँक, रुग्णालय, महाविद्यालय अशा ठिकाणी बहुधा एकच दणकट सर्व्हर असतो आणि त्याच्या पोटात दहा-बारा ‘आभासी’ संगणक चालतात. बिलांचा एक, हजेरीचा एक, नोंदींचा एक. यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात आणि त्यांना प्रोसेसरचे कोर वाटून देणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर. या क्षेत्रातले सर्वांत मोठे नाव व्हीएमवेअर. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ही कंपनी सुमारे ६९ अब्ज डॉलरना घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केले. आता वर्गणी भरावी लागते, तीही कोरमागे.

नेमके काय बदलले?

पूर्वी परवाना प्रोसेसरमागे असे. आता एका प्रोसेसरला किमान १६ कोरचे पैसे मोजावे लागतात, मग त्यात आठच कोर असले तरी. म्हणजे आठ कोरचे दोन प्रोसेसर असलेल्या जुन्या सर्व्हरला १६ कोर वापरून ३२ चे बिल. त्यात व्हीस्फिअर ७ या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे निर्णय लांबणीवर टाकणाऱ्यांचीही आता सुटका नाही.

जास्त कोर दिले की वेग वाढतो ना?

इथेच बहुतेकांचे गणित चुकते. नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा हंगाम भरात आहे आणि मोकळे हमाल आठच आहेत, असे समजा. एका ट्रकवाल्याने हट्ट धरला, ‘आठही जण एकदम आले तरच माल उतरवीन.’ दोन-दोन हमालांवर भागवणारे ट्रक रिकामे होऊन निघून जातील, हा मात्र उभाच. आठ कोर मागणाऱ्या व्हर्च्युअल मशीनचेही असेच होते. आजचे हायपरव्हायजर ही ‘एकदम’ची अट बरीच सैल करतात, तरी एक आभासी कोर फार पुढे गेला तर बाकीचे येईपर्यंत त्याला थांबवले जाते. मशीन तयार असूनही कोर मिळत नाही, त्या वेळेला व्हीएमवेअरमध्ये ‘सीपीयू रेडी’ म्हणतात. लिनक्समध्ये ‘टॉप’ ही आज्ञा दिली की ‘एसटी’ या रकान्यात साधारण हेच दिसते. हा आकडा चढलेला असताना आणखी कोर देणे म्हणजे आजार वाढवणे. आणि एका कोरचे दोन धागे दिसतात, म्हणून काम दुप्पट होते असेही नाही.

विक्रेत्याने ‘आठ कोर हवेत’ असे कागदावर लिहून दिले की कार्यालये मुकाट देतात, आणि वर्षभर त्यातले दोनही पुरते वापरले जात नाहीत.

पैसे कुठे वाचतील?

व्हीएमवेअरचे बिल सर्व्हरमधल्या खऱ्या कोरवर लागते. आभासी कोर कमी केले म्हणून ते लगेच उतरत नाही. पण वाटणी आटोपशीर झाली तर तीन सर्व्हरचे काम दोनवर बसू शकते, तिथे खरी बचत. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा परवाना मात्र थेट व्हर्च्युअल मशीनच्या कोरवर घेता येतो, किमान चार. तिथे आठाचे चार केले की परवान्याचा खर्च निम्मा.

केव्हीएम हे मोफत हायपरव्हायजर २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. त्याकडे वळता येते, पण ते सांभाळणारा माणूस पगारावर ठेवावा लागतो. लहान संस्थांची गाडी बहुतेकदा तिथेच अडते.