करारातला हरवलेला कर्ता

प्रयोगविचाराचा घटक अभ्यासताना 'याचा व्यवहारात उपयोग काय?' असा प्रश्न अमरावतीच्या संपर्कसत्रात दरवर्षी विचारला जातो. त्याचे एक उत्तर मला माझ्या धाकट्या भावाच्या अकोल्यातील सदनिकेच्या करारात सापडले.

करारापूर्वी बांधकाम व्यावसायिक त्याला म्हणाला होता, ''येत्या दिवाईले चाबी देतो मी तुमाले, भाऊ.'' वऱ्हाडीतल्या या वाक्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, मुदतही आहे. करारात ते असे उतरले : 'शक्यतो अंदाजे चोवीस महिन्यांत ताबा देण्यात येईल.' कोण देणार? चोवीस महिने कोणत्या दिवसापासून मोजायचे? वाक्य गप्प आहे. त्याच पानावर 'खरेदीदार ठरल्या तारखेस हप्ता भरील' हे मात्र लख्ख कर्तरी वाक्य, आणि चुकल्यास व्याजाचा दरही लिहिलेला!

अशी कर्तृहीन भाषा भारदस्त असते, असा एक समज आहे. तो आम्ही भाषाशिक्षकांनीही कार्यालयीन मराठीच्या नावाखाली पोसला, हे कबूल केले पाहिजे. माझ्या मते करारात ती भाषा अन्यायकारक आहे. 2016 च्या स्थावर संपदा अधिनियमाचे कलम 18 विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज खरेदीदाराला देते. पण विलंब मोजायचा तो करारात नमूद केलेल्या तारखेपासून. महाराष्ट्राच्या 2017 च्या नियमांतील नमुना करारात म्हणूनच ताबा देणारा कर्ता 'प्रवर्तक' असा स्पष्ट आहे आणि तारखेसाठी मोकळी जागा आहे. व्याजाचा दर, म्हणजे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर अधिक 2 टक्के, दोन्ही पक्षांना सारखाच. तारीखच नसेल तर 'वाजवी काळ' किती, यावर वाद घालत बसावे लागते. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा एका प्रकरणात तीन वर्षे वाजवी मानली. तोवर घरभाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही चालूच.

आपल्या वऱ्हाडातील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल, किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर महारेराकडे प्रकल्पाच्या नोंदणीची सक्ती नाही. आपल्या शहरांत अशा लहान इमारती पुष्कळ. तेथे 1963 चा महाराष्ट्राचा सदनिका अधिनियम आणि ग्राहक आयोग हे मार्ग उरतात. साहजिकच कराराच्या शब्दांवरचा भार अधिक वाढतो.

भावाची इमारत आठच सदनिकांची. ताबा दीड वर्ष लांबल्यावर आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी करार उलटसुलट चाळला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ''यात तारीख कुठे आहे?''