रणभूमी दूर, भेग घरात

७ ऑगस्ट १९६४ रोजी अमेरिकेच्या संसदेने राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना आग्नेय आशियात आवश्यक वाटेल ती लष्करी कारवाई करण्याचा अधिकार देणारा ठराव संमत केला. प्रतिनिधिगृहात ठरावाच्या बाजूने ४१६ मते पडली. विरोधात एकही नाही. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. व्हिएतनाम युद्धाचे दार उघडणारा तो हाच ठराव. त्यानंतर सहा वर्षेही पुरती झाली नव्हती. ४ मे १९७० रोजी ओहायो राज्यातील केंट विद्यापीठाच्या आवारात नॅशनल गार्डच्या जवानांनी स्वतःच्याच देशाच्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी प्राणास मुकले, नऊ जखमी झाले. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचे एकमत एवढ्या अल्पावधीत रक्तरंजित दुहीत कसे परिणत झाले, हे प्रत्येक राष्ट्राने अभ्यासावे असे प्रकरण आहे.

परकीय भूमीवर रेंगाळलेले युद्ध लढणाऱ्या राष्ट्रालाच दुभंगते, असे सर्रास म्हटले जाते. हे विधान खोटे नाही, पण अपुरे आहे. केवळ काळ लांबला म्हणून राष्ट्र फुटत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन सहा वर्षे झुंजत होते. लंडनवर बॉम्ब पडत होते, अन्नधान्य शिधापत्रिकेवर मिळत होते. तरी ते राष्ट्र एकसंध राहिले. राष्ट्र फुटते ते दोन कारणांनी. युद्ध कशासाठी चालले आहे याचे सत्य जनतेला सांगितले जात नाही आणि त्या युद्धाची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. काळ लांबला की ही दोन्ही पापे उघडी पडतात, इतकेच.

असत्याचा पाया

ज्या ठरावाला एवढे एकमत लाभले, त्याचा आधारच डळमळीत होता. टोंकिनच्या आखातात २ आणि ४ ऑगस्ट १९६४ रोजी अमेरिकन युद्धनौकांवर दोनदा हल्ला झाला, असे संसदेला सांगण्यात आले. त्यांपैकी दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे अमेरिकेच्याच राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतील इतिहासकाराने केलेल्या आणि २००५ मध्ये खुल्या झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. त्याच वर्षीच्या निवडणूक प्रचारात जॉन्सन अमेरिकन तरुणांना दूर आशियात लढायला न पाठवण्याची ग्वाही देत होते. मार्च १९६५ मध्ये पहिल्या लढाऊ तुकड्या दा नांगच्या किनाऱ्यावर उतरल्या. एप्रिल १९६९ पर्यंत व्हिएतनाममधील अमेरिकन सैन्याची संख्या पाच लाख त्रेचाळीस हजारांच्या घरात गेली होती. ही वाढ एका निर्णयाने झाली नाही. आणखी थोडे सैन्य, आणखी थोडा अवधी, मग विजय निश्चित, असे दर वेळी सांगितले गेले आणि दर वेळी मुदत पुढे सरकली.

नोव्हेंबर १९६७ मध्ये सेनापती जनरल विल्यम वेस्टमोरलँड यांनी वॉशिंग्टनमध्ये येऊन युद्धाचा शेवट दृष्टिपथात आल्याचे जाहीर केले. पुढच्याच जानेवारीच्या अखेरीस, व्हिएतनामी नववर्षाच्या म्हणजे ‘टेट’च्या मुहूर्तावर, कम्युनिस्टांनी दक्षिण व्हिएतनाममधील शंभरहून अधिक शहरांवर आणि गावांवर एकाच वेळी चढाई केली. सायगावमधील अमेरिकन वकिलातीच्या आवारात शत्रू शिरला. लष्करी दृष्ट्या ही चढाई फसली. कम्युनिस्टांची प्रचंड हानी झाली. तथापि, घरोघरी दूरचित्रवाणीवर हे दृश्य पाहणाऱ्या अमेरिकन माणसाच्या मनात एकच प्रश्न उभा राहिला. शेवट दृष्टिपथात होता, तर मग हे काय आहे? ३१ मार्च १९६८ रोजी जॉन्सन यांनी आपण पुन्हा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढविणार नसल्याचे घोषित केले.

वृत्तपत्रांनी आणि दूरचित्रवाणीने जिंकलेले युद्ध घालवले, असा युक्तिवाद आजही होतो. त्यात तथ्याचा अंश नाही असे नव्हे. टेटमधील शत्रूची हानी बातम्यांत झाकोळली गेली, हे खरे आहे. परंतु सेनापतीने खोटी आशा दाखवली नसती, तर टेटचा धक्का एवढा विदारक ठरला नसता. जून १९७१ मध्ये संरक्षण खात्याची गोपनीय कागदपत्रे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने प्रसिद्ध केली, तेव्हा सरकार खासगीत एक जाणत होते आणि जाहीरपणे दुसरेच सांगत होते, यावर शिक्कामोर्तब झाले. १९६४ मध्ये शंभरांतील ७७ अमेरिकन नागरिकांचा आपल्या सरकारवर विश्वास होता. १९७४ च्या अखेरीस ती संख्या ३६ वर आली. त्या दशकात वॉटरगेटचे लांच्छनही होते. पण घसरण त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती.

त्यागाची विषम वाटणी

दुसरे कारण अधिक खोल आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात लष्करी वयाचे सुमारे दोन कोटी सत्तर लाख अमेरिकन तरुण होते. सक्तीच्या भरतीने त्यांतील सुमारे बावीस लाख सैन्यात घेतले गेले. भरती कायद्याने होती, पण सुटकेच्या वाटाही कायद्यातच होत्या. महाविद्यालयात शिकणाऱ्याला सवलत होती; ओळखीचा डॉक्टर आणि चांगला वकील ज्याला परवडे, त्याला आणखी वाटा खुल्या होत्या. परिणामी रणांगणावर गेला तो बहुधा कामगाराचा, शेतकऱ्याचा, गरीब कृष्णवर्णीयाचा मुलगा. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधील भाषणात याच विसंगतीवर बोट ठेवले. ज्या गोऱ्या आणि काळ्या मुलांना देश एका शाळेत बसवू शकला नाही, त्यांना तो एकत्र मरायला पाठवत होता.

राज्यकर्त्यांनी उर्वरित समाजाला युद्धाची झळ लागू नये याची दक्षता घेतली. राखीव दलांना मोठ्या प्रमाणावर पाचारण केले नाही, कारण त्यामुळे सुखवस्तू वस्त्यांत अस्वस्थता पसरली असती. युद्धासाठी अधिभार लावायला १९६८ उजाडावे लागले. युद्धही हवे आणि घरची घडीही मोडायला नको, असा हा व्यवहार होता. ज्या युद्धासाठी राष्ट्राकडे त्याग मागण्याचे धैर्य शासनाला होत नाही, ते युद्ध राष्ट्राचे होतच नाही. ते शासनाचे राहते.

केंटच्या गोळीबारानंतर चारच दिवसांनी, ८ मे १९७० रोजी, न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीट परिसरात निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर बांधकाम मजुरांचा जमाव तुटून पडला. दुरून पाहता हा देशभक्त आणि देशविरोधक यांच्यातील संघर्ष वाटतो. जवळून पाहिले की वेगळेच दिसते. ज्यांच्या वस्तीतील मुले आघाडीवर होती, त्या मजुरांना युद्ध प्रिय होते असे नाही. त्यांना संताप होता तो सवलतीमुळे सुरक्षित राहिलेल्यांनी त्यांच्या मुलांच्या बलिदानाची अवहेलना करावी याचा. ही भेग कुटुंबांतही शिरली. युद्धाचे सूत्रधार मानले गेलेले संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांचा मुलगाच युद्धाच्या विरोधात उभा राहिला. पुढे १९९५ मध्ये मॅकनमारा यांनी पुस्तक लिहून आपण चुकलो, भयंकर चुकलो, अशी कबुली दिली. तोवर अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकन आणि लक्षावधी व्हिएतनामी या चुकीची किंमत चुकवून बसले होते.

युद्धविरोधकांचाही तोल सुटला, हेही नमूद केले पाहिजे. शासनाच्या धोरणाला विरोध करणे हा नागरिकाचा अधिकार आहे. शत्रूचा ध्वज नाचवणे हा नव्हे. अभिनेत्री जेन फोंडा १९७२ मध्ये हनोईला जाऊन विमानवेधी तोफेवर बसल्या आणि त्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली. त्या वेळी अमेरिकन वैमानिक त्याच शहरात युद्धकैदी म्हणून यातना सोसत होते. या कृतीबद्दल पुढे त्यांनी स्वतःच क्षमा मागितली. ज्या विरोधाला स्वकीय सैनिकाच्या वेदनेचे भान राहत नाही, तो युद्ध थांबवत नाही, केवळ भेग रुंद करतो.

सैनिकाची दुहेरी शिक्षा

या दुहीत भरडला गेला तो सैनिक. प्रत्येकाला सुमारे वर्षभराची नेमणूक असे. तो एकटा जाई आणि एकटाच परत येई. तुकडीबरोबर संचलन करीत, लोकांच्या जयघोषात घरी परतणे त्याच्या नशिबी नव्हते. मार्च १९६८ मध्ये माय लाय गावात अमेरिकन तुकडीने शेकडो निःशस्त्र ग्रामस्थांची कत्तल केली. ते क्रौर्य उघड झाल्यावर दोष अवघ्या सैन्याच्या माथी आला. त्याच दिवशी ह्यू थॉम्प्सन या वैमानिकाने आपले हेलिकॉप्टर स्वतःच्या सैनिकांच्या आणि गावकऱ्यांच्या मध्ये उतरवून काही जीव वाचवले होते. त्याचे शौर्य शासनाने यथोचित गौरवले ते १९९८ मध्ये, तीस वर्षांनी.

वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम स्मारक १९८२ मध्ये उभे राहिले तेही सरकारी पैशाने नव्हे, तर माजी सैनिकांच्या पुढाकाराने जमवलेल्या देणग्यांतून. काळ्या पाषाणाच्या भिंतीवर फक्त नावे आहेत. हुद्दा नाही, विजयाची घोषणा नाही. त्या आराखड्यावरूनही आधी वाद माजला. तरीही त्या भिंतीसमोर युद्धाचा समर्थक आणि विरोधक शेजारी उभे राहू लागले. युद्धाबद्दल एकमत झाले नाही, मृतांबद्दल झाले. एवढे व्हायलाही सायगाव पडल्यापासून सात वर्षे लागली.

रोगापेक्षा औषध सोपे

या अनुभवातून अमेरिकेने काढलेला निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली आणि सैन्य पूर्णतः स्वेच्छेचे झाले. सैन्य अधिक कुशल झाले, रस्ते शांत झाले. पण विषम वाटणीचा मूळ दोष गेला नाही. तो फक्त नजरेआड झाला. १४ सप्टेंबर २००१ रोजी संसदेने पुन्हा एकदा युद्धाचा अधिकार दिला. या वेळी मते होती ४२० विरुद्ध १, आणि सिनेटमध्ये ९८ विरुद्ध शून्य. अफगाणिस्तानातील ते युद्ध वीस वर्षे चालले. त्याच्या पहिल्या दशकात कोणत्याही वेळी प्रत्यक्ष सेवेत होते ते दर दोनशे अमेरिकनांमागे जेमतेम एक. तेच सैनिक, तीच कुटुंबे, पुन्हा पुन्हा रणांगणावर जात राहिली. २००३ मध्ये इराकवर आक्रमण झाले त्याच वर्षी अमेरिकेत कर कमी करण्यात आले! इराकमधील ज्या संहारक अस्त्रांसाठी ते युद्ध छेडले, ती सापडलीच नाहीत. अफगाणिस्तानातील प्रगतीचे दावे किती पोकळ होते, हे डिसेंबर २०१९ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने प्रसिद्ध केलेल्या अधिकाऱ्यांच्या मुलाखतींतून उघड झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये परतले.

या वेळी विद्यापीठांत गोळ्या झाडल्या गेल्या नाहीत. लोक विमानतळावर सैनिकांना पाहून टाळ्या वाजवत आणि आपल्या वाटेने जात. पण ही एकात्मता नव्हती, उदासीनता होती. तिचे उट्टे मतपेटीतून निघाले. फेब्रुवारी २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी माजी सैनिकांची मोठी वस्ती असलेल्या दक्षिण कॅरोलिनात इराक युद्धाला उघडपणे घोडचूक म्हटले आणि आठवडाभरात तिथल्या पक्षांतर्गत निवडणुकीत बाजी मारली. ज्यांनी लढण्यासाठी मुले दिली, त्यांनीच प्रस्थापित नेतृत्वावर पाठ फिरवली. रस्त्यावर दिसणारी भेग बुजवली की ती पायात उतरते, हाच याचा अर्थ.

भारतासाठी अर्थ

भारताला हा अनुभव सर्वस्वी परका नाही. जुलै १९८७ च्या करारानुसार शांतिसेना श्रीलंकेत गेली ती शांतता राखण्यासाठी. ऑक्टोबरपासून तिला लढावे लागले ते ज्यांना भारतानेच कधी काळी बळ दिले होते त्या लिट्टेशी. उद्दिष्ट मध्येच बदलले, पण राष्ट्राला ते नीट सांगितले गेले नाही. अकराशेहून अधिक जवान धारातीर्थी पडले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या तुकडीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीवर गोळी झेलूनही शत्रूची रायफल हिसकावून त्याला टिपले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र लाभले. मार्च १९९० मध्ये अखेरच्या तुकड्या मद्रासच्या बंदरात उतरल्या, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी त्यांच्या स्वागताला गेले नाहीत. धोरण दिल्लीचे होते. अवहेलना जवानाच्या वाट्याला आली. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकाने ओळखले असते असेच ते दृश्य होते.

राष्ट्राची एकजूट ही आज्ञेने मिळणारी वस्तू नाही. पहिल्या दिवशीच्या टाळ्यांनी ती सिद्ध होत नाही आणि प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवून ती टिकतही नाही. ती मिळवावी लागते. सीमेपलीकडे सैन्य धाडण्यापूर्वी राज्यकर्त्यांनी उद्दिष्ट स्पष्ट सांगावे, अपयशही सांगावे आणि त्यागाचा वाटा स्वतःच्या घरापासून उचलावा. समाजाने धोरणाची चिकित्सा जरूर करावी, पण त्या धोरणापायी रक्त सांडणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. ज्या राष्ट्रात सत्य आणि त्याग यांची वाटणी समान असते, ते पराभवही पचवते. जिथे ती नसते, तिथे पहिल्या दिवसाचे ४१६ विरुद्ध शून्य हे एकमतही भेग झाकणारा गिलावा ठरते.